स्वरांचे वर्ण आणि कानांची जात

मराठी समीक्षेत 'भडक' हा शब्द फार सहजपणे वापरला जातो. हा शब्द मूळचा डोळ्यांच्या प्रांतातला. लुगड्याचा रंग भडक असतो, भिंतीचा रंग भडक असतो. पण समीक्षकाच्या हाती आल्यावर तो भाषेला लागतो, आवाजाला लागतो, कवितेला लागतो. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. त्या सुमारास दलित कविता जोमाने पुढे आली आणि तेव्हापासून 'भडक', 'कर्कश', 'आक्रस्ताळी' ही विशेषणे तिच्या वाट्याला पुन्हा पुन्हा आली. याउलट ज्या कवितेला मान मिळत होता तिचा सूर 'हळुवार' होता आणि तिच्या छटा 'तरल' होत्या. म्हणजे काय, तर एका कवितेला कानाचे आणि डोळ्याचे सुख देणारी ठरवण्यात आले आणि दुसरीला दोन्ही इंद्रियांना त्रास देणारी. हा निवाडा कोणी केला? समीक्षक म्हणतो, माझ्या कानाने केला. तेव्हा या कानाचीच तपासणी करणे भाग आहे.

माणसे ध्वनीला रंग जोडतात, ही गोष्ट खोटी नाही. काही थोड्या माणसांना सूर ऐकताच प्रत्यक्ष रंग दिसतो, असे मानसशास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. पण ज्यांना तसा दिसत नाही तेही विचारल्यावर ध्वनीसाठी रंग निवडतात, आणि ही निवड अगदीच मनमानी नसते. उंच, बारीक आवाजाला उजळ रंग आणि खर्जातल्या जाड आवाजाला गडद रंग देण्याकडे बहुतेकांचा कल असतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चिंपांझींमध्येही उंच स्वर आणि उजळपणा यांची अशी सांगड आढळली. तेव्हा एवढा भाग शरीराचा आहे असे मानायला हरकत नाही.

परंतु शरीराचा वाटा येथेच संपतो. 'गडद' म्हणजे 'वाईट' हे चिंपांझीने सांगितलेले नाही. नेमका कोणता स्वर कोणत्या रंगाचा, यावर तर जाणकारांचेही एकमत होत नाही. न्यूटनने १७०४ सालच्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात प्रकाशाचे सात रंग मांडताना सप्तकातील सात अंतरांशी त्यांची तुलना केली. पुढे रशियातील दोन थोर संगीतकार, स्क्रियाबिन आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह, दोघेही स्वरांना रंग असतात असे मानणारे. पण सी मेजर ही एकच पट्टी पहिल्याला तांबडी आणि दुसऱ्याला पांढरी वाटत असे. देश एक, काळ एक, परंपरा एक, तरीही रंग दोन!

मग सर्वसामान्य श्रोता रंग निवडतो तो कशाच्या आधारे? अमेरिकेतील बर्कले येथील स्टीफन पामर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली या प्रश्नाचे एक उत्तर दिले. अमेरिका आणि मेक्सिको येथील लोकांना त्यांनी बाख, मोत्सार्ट, ब्राम्स यांच्या रचना ऐकवल्या आणि ३७ रंगांतून जुळणारे रंग निवडायला सांगितले. द्रुत लयीच्या मेजर रचनांसाठी उजळ, भरदार, पिवळसर रंग निवडले गेले. संथ लयीच्या मायनर रचनांसाठी काळपट, उतरलेले, निळसर रंग निवडले गेले. मात्र संशोधकांचा महत्त्वाचा निष्कर्ष पुढेच आहे. स्वरातून सरळ रंग येत नाही. स्वर ऐकून आधी भाव जागा होतो, आणि मग त्या भावाचा म्हणून जो रंग मनात असतो तो निवडला जातो. ध्वनी आणि रंग यांच्यामधला पूल भावनेचा आहे.

ही गोष्ट आपल्या कामाची आहे. कारण भावना शून्यातून येत नाही. कोणता आवाज ऐकून माणसाला सुख वाटावे, भीती वाटावी की किळस यावी, हे तो कोठे जन्मला, कोणी त्याला काय शिकवले, त्या आवाजाने त्याचे काय केले यावर अवलंबून असते. ज्या समाजात जन्माने जागा ठरते त्या समाजात भावनेची जागाही ठरते. सुरेल आणि बेसूर, उजळ आणि काळे या जोड्या तेथे निसर्गनियम म्हणून वावरतात आणि प्रत्यक्षात समाजनियमाचे काम करतात.

काळा रंग मुळातच अप्रिय आहे असे म्हणणाऱ्याने मराठी माणसाचे बोलणे नीट ऐकावे. आपला गायक स्वतःची पट्टी सांगताना 'काळी एक', 'काळी चार', 'पांढरी पाच' असे म्हणतो. पेटीच्या पट्ट्यांचे रंग सुरांची नावे होऊन बसले आहेत. काळी चारमध्ये गाणारी गायिका कमी गोड गाते असे कोणी मानीत नाही. तबल्याच्या मधोमध असलेली काळी शाई पाहा. लोहचूर्ण मिसळलेल्या त्या काळ्या लेपामुळेच कातड्यातून सुरेल नाद निघतो; सी. व्ही. रामन यांनी १९२० साली त्यामागचे शास्त्र दाखवून दिले. आणि शेतकरी तर जमिनीलाच 'काळी आई' म्हणतो. जेथे अन्न पिकते, जेथे सूर निघतो, तेथे काळेपणाची घृणा नाही. घृणा येते ती माणसांची उतरंड लावताना.

आता आपल्या संगीतशास्त्राकडे वळू. 'राग' हा शब्द संस्कृतातील 'रञ्ज्' या धातूपासून आला. त्याचे अर्थ दोन : रंगवणे आणि सुखावणे. मराठीत आपण आजही 'मैफल रंगली' असे म्हणतो. म्हणजे रंग, सूर आणि सुख ही त्रयी आपल्या भाषेत फार जुनी आहे. पण तिच्यासोबत चौथा एक शब्द येतो, आणि तो साधा नाही. तो शब्द 'वर्ण'. वर्ण म्हणजे रंग. वर्ण म्हणजे अक्षर, मुखातून निघणारा ध्वनी. संगीतात वर्ण म्हणजे स्वरांची चाल : स्थायी, आरोही, अवरोही आणि संचारी, असे चार. आणि वर्ण म्हणजे ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र, असेही चार.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. वर्ण म्हणजे कातडीचा रंग आणि म्हणून चातुर्वर्ण्य म्हणजे गोऱ्या-काळ्या वंशांचा झगडा, हे सोपे समीकरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ सालच्या ग्रंथात नाकारले आहे. या शब्दाचा मूळ अर्थ रंग नव्हे, असे त्यांनी साधार मांडले. ते मान्य केले म्हणजे पुढची गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. उतरंड आधी उभी राहिली. रंग तिला नंतर फासण्यात आला. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू ब्राह्मणाला पांढरा, क्षत्रियाला तांबडा, वैश्याला पिवळा आणि शूद्राला काळा रंग वाटून देतो. तेथेच भरद्वाज शंका काढतो की, सर्वच वर्णांत सर्व रंगांची सरमिसळ दिसते, त्याचे काय? शंका रास्त होती. पण पोथ्यांनी रंग वाटण्याचे काम थांबवले नाही.

ते काम संगीतात कसे झाले हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघण राजाच्या पदरी, शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद. त्याचा 'संगीतरत्नाकर' हा भारतीय संगीताचा आधारग्रंथ मानला जातो आणि त्याचे शास्त्रीय मोल कोणी नाकारणार नाही. याच ग्रंथात सात स्वरांना रंग दिले आहेत : षड्ज कमळाच्या रंगाचा, ऋषभ पिंगट, गांधार सोनेरी, मध्यम कुंदफुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद चित्रविचित्र. याच ग्रंथात स्वरांना जातीही दिल्या आहेत. षड्ज, मध्यम आणि पंचम हे ब्राह्मण. ऋषभ आणि धैवत हे क्षत्रिय. गांधार आणि निषाद हे वैश्य. आणि अंतर गांधार व काकली निषाद, हे दोन शूद्र. एवढ्यावर न थांबता कुळेही सांगितली आहेत. काही स्वर देवकुळातले, काही ऋषिकुळातले, आणि निषाद तेवढा असुरवंशातला.

या वाटपात कानाचा संबंध किती? थोडे तपासू. शांतिपर्वाप्रमाणे ब्राह्मण पांढरा असतो, पण येथे पंचम हा ब्राह्मण असून काळा आहे. 'नाट्यशास्त्रा'ने भयानक रसाचा रंग काळा सांगितला, पण हा काळा पंचम योजायचा तो हास्य आणि शृंगार या रसांत. 'नाट्यशास्त्रा'त पिवळा रंग अद्भुताचा, पण पिवळा धैवत योजायचा तो बीभत्स आणि भयानकात. रंग, रस आणि जात यांची तोंडे तीन दिशांना आहेत. ऐकण्याच्या अनुभवातून ही यादी निघाली असती तर इतकी विसंगती राहिली नसती. विश्वातील प्रत्येक वस्तूला वर्ण असलाच पाहिजे, हा आग्रह आधी होता. स्वर त्या कोष्टकात नंतर बसवले गेले. झाडाला जात, रत्नाला जात, तशी स्वरालाही जात.

त्यातही शूद्र ठरलेल्या दोन स्वरांकडे पाहावे. अंतर आणि काकली हे गांधार आणि निषादाचेच रूप. फक्त ते आपल्या नेमल्या जागेवरून दोन श्रुती वर चढलेले. नेमलेली जागा सोडून वर गेला तो शूद्र! गावगाड्यात वाढलेल्या माणसाला हा न्याय समजावून सांगावा लागत नाही. रंगांच्या यादीत सात स्वरांना सात रंग मिळाले. या दोघांच्या नावे रंगच नाही. त्याआधीच्या 'नारदीय शिक्षे'नेही गांधार-निषादांना अर्धे वैश्य ठरवून उरलेल्या अर्ध्या अंगाने पतित म्हणून शूद्रत्व दिले होते.

आता पुढचा इतिहास पाहा. आजचे बहुतेक अभ्यासक मानतात की, जुन्या ग्रंथांतील मूळ सप्तक आजच्या काफी थाटाच्या जवळचे होते आणि त्यांचे अंतर गांधार व काकली निषाद म्हणजे स्थूलमानाने आजचे शुद्ध गांधार व शुद्ध निषाद. हिंदुस्थानी संगीतात पुढे बिलावल हे शुद्ध स्वरांचे सप्तक ठरले. पंडित भातखंड्यांची पद्धतीही त्यावरच उभी आहे. याचा अर्थ असा की, तेराव्या शतकात जे शूद्र होते तेच स्वर आज 'शुद्ध' आहेत, आणि शाळेतले पोर पहिल्या दिवशी तेच घोकते. स्वरांची कंपने बदललेली नाहीत. बदलली ती व्यवस्था. ज्याला जन्मजात म्हटले होते ते जन्मजात नव्हते, याचा याहून चांगला पुरावा संगीताने द्यायचा तो कोणता?

स्वराला वाटलेली ही जात स्वरापाशीच राहिली असती तर तिच्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. पण हेच वाटप माणसांवरही झाले. 'नाट्यशास्त्र' पात्रांचे चेहरे रंगवण्याचे नियम सांगते : ब्राह्मण-क्षत्रिय गौर रंगवावेत, वैश्य-शूद्र श्यामल; किरात, पुलिंद, आंध्र, द्रविड आणि दक्षिणेकडील लोक बहुधा काळे. तोच ग्रंथ भाषाही वाटून देतो. वरच्या पात्रांनी संस्कृत बोलावे, खालच्यांनी प्राकृत, आणि चांडाळादिकांची बोली निराळी. प्रेक्षकाने रंगमंचावर काळा चेहरा पाहिला की त्यासोबत हलकी मानलेली बोली ऐकायची, गोरा चेहरा पाहिला की घोटीव संस्कृत ऐकायची. अशी शतके गेली तर डोळा आणि कान एकमेकांना ग्वाही देऊ लागतात, आणि ती ग्वाही सहजस्फूर्त वाटू लागते. 'बृहद्देशी'सारखा ग्रंथही चार स्वरांपर्यंतचे गाणे शबर, पुलिंद, किरात अशा लोकांचे म्हणून मार्गसंगीताबाहेर ठेवतो. मनुस्मृतीने तर नावांच्या ध्वनीचीही वाटणी केली : ब्राह्मणाचे नाव मंगल असावे आणि शूद्राचे किळसवाणे. मूल जन्मताच त्याच्या वाट्याला अप्रिय ध्वनी देण्याचा हा कायदा होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ही स्मृती जाळली गेली, तेव्हा हा कायदाही जळाला. पण कानातून तो किती गेला?

चोखोबांचे उदाहरण घ्या. त्यांचे अभंग शतकानुशतके गोड म्हणून गायले गेले. ज्या विठ्ठलासाठी ते गायले तो काळा. म्हणजे आवाज गोड होता आणि काळा रंगही पूज्य होता. तरीही चोखोबा पायरीपाशीच राहिले. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांसाठी खुले व्हायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. अडचण सुराची नव्हती, रंगाची नव्हती, माणसाची होती.

हलगीचेही तसेच. हलगी आणि तबला दोन्ही कातड्याचेच. हलगीला शाई नसते म्हणून तिचा नाद तबल्यासारखा बांधीव नसतो, हा फरक खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण जाळावर शेकून ताणलेल्या हलगीचा तो मोकळा, कडक ठोका हा दोष आहे असे भौतिकशास्त्र सांगत नाही. देवळातली घंटाही कान भरून टाकते. तिला कोणी कर्कश म्हणत नाही, ती मंगल असते. गावाला लग्नात, जत्रेत, अंत्ययात्रेत हलगी हवी असे आणि ती वाजवणारा मांग-महार गावकुसाबाहेर हवा असे. हा ठोका ऐकून पाटलाला जत्रा आठवेल. वाजवणाऱ्याच्या पोराला बापाचे उष्ट्यासाठी पसरलेले हात आठवतील. म्हणूनच गावकीची कामे नाकारताना अनेकांनी वाजवणेही सोडले. पुढे तीच हलगी मोर्चात आणि जलशात आली तेव्हा तिच्यातून वेगळा भाव निघाला. वाद्य एकच, ठोका एकच. भाव बदलला, कारण वाजवणाऱ्याची जागा बदलली.

या पार्श्वभूमीवर आपल्या सौंदर्यशास्त्राकडे पाहावे लागते. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात सौंदर्याचा विचार लयीच्या संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांवर उभा केला. ध्वनी हे संगीताचे आणि रंग हे चित्राचे माध्यम. त्या संवेदनांच्या परस्परसंबंधांत सौंदर्य शोधायचे, बाहेरच्या उपयोगात नव्हे. या विचाराने मराठी समीक्षेला शिस्त दिली, हे ऋण आहे. परंतु त्यात गृहीत धरलेली कोरी संवेदना या देशातील कानापर्यंत कधी कोरी पोचली आहे काय? ज्या भूमीत गांधारालाही जात चिकटली तेथे माणसाच्या आवाजाला ती चिकटणार नाही, हे कसे मानावे? दोन स्वरांत संवाद आहे की विरोध, हे सांगण्यापूर्वी ऐकणारा कोठे बसला आहे हे विचारावेच लागेल.

हा प्रश्न केवळ ग्रंथांचा नाही. शाळेत पोर 'आनी', 'पानी' म्हणते. मास्तर म्हणतात, 'अशुद्ध'. वर्ग हसतो. 'ण' या वर्णाच्या जागी 'न' हा वर्ण आला, एवढेच घडलेले असते. अर्थ कळलेला असतो, शब्द जिवंत असतो. लेखनासाठी प्रमाण रूप शिकवावे लागते, त्याला कोणाची ना नाही. पण 'शुद्ध' हा एकच शब्द जेव्हा स्वराला, लेखनाला, उच्चाराला, रक्ताला आणि पाण्याला लावला जातो, तेव्हा पोराला व्याकरणाची चूक कळत नाही. आपल्या आईच्या तोंडचा आवाज विटाळलेला आहे, एवढेच कळते. ते पोर पुढे गप्प बसायला शिकते. एका वर्णापायी गेलेले असे किती आवाज असतील! नंतर त्यांपैकी एखादा कविता लिहितो आणि पांढरपेशा समीक्षक तिला भडक म्हणतो. 'पांढरपेशा' या शब्दातला रंगही ध्यानात ठेवावा.

तरीही ही साहचर्ये अढळ नाहीत, आणि हे आपल्या चळवळीनेच सिद्ध केले आहे. 'नाट्यशास्त्रा'त निळा रंग बीभत्साचा, म्हणजे किळसेचा. १९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. फेडरेशनचा झेंडा निळा होता. आज 'जय भीम' हे शब्द कानी पडताच लाखो माणसांच्या डोळ्यांपुढे निळा रंग उभा राहतो आणि त्याबरोबर जो भाव येतो त्याला किळस म्हणत नाहीत, स्वाभिमान म्हणतात. ध्वनी आणि रंगाची ही जोडी कोणत्याही शिक्षाग्रंथाने नेमून दिलेली नाही. ती माणसांनी घडवली, आणि आपल्या हयातीत घडवली. तोच घोष कोणाला आजही गोंगाट वाटत असेल, तर तो त्याच्या कानाचा इतिहास आहे; घोषाचा दोष नव्हे.

म्हणून समीक्षकाने 'भडक', 'कर्कश', 'गोड' हे शब्द वापरूच नयेत असे माझे म्हणणे नाही. दलित कवितेतही ओढूनताणून चढवलेला आवाज असतो, आणि तो तसा आहे हे सांगितले पाहिजे. पण सांगताना कारण दिले पाहिजे : अनुभव काय होता, त्याला हा आवाज पुरला की नाही, शब्द कोठे उसना आला. कारण न देता नुसते विशेषण लावणे म्हणजे स्वराला जात लावणेच होय. शिक्षकांनी तर हे वर्गात करून पाहावे. घंटा, हलगी, सनई, गिरणीचा भोंगा, जात्याची घरघर, पोलिसांच्या गाडीचा आवाज, अशी यादी द्यावी. प्रत्येक मुलाने त्यापुढे एक रंग लिहावा आणि तो का लिहिला हे दोन ओळींत सांगावे. रंग जुळतील किंवा जुळणार नाहीत. त्याला गुण नसावेत. वाचायच्या त्या खालच्या दोन ओळी.